पटकी, पाणी आणि पंढरीची वाट



दिंडीच्या शताब्दीचा अंक काढायचं ठरलं तेव्हा मंडळींनी विषय वाटून घेतले. कुणी विणेकऱ्यांच्या परंपरेवर लिहिणार, कुणी मुक्कामाच्या गावांवर, कुणी बैलगाडी जाऊन ट्रक कसा आला त्यावर. दुखण्याखुपण्याचा इतिहास कुणी घेईना. शेवटी तो आमच्याकडं आला. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. शेती आणि कीर्तन यापलीकडं आम्ही काही केलेलं नाही. पण जुन्या माणसांच्या पायाशी बसून ऐकलं आहे, आणि पुस्तकातलं जे आहे ते तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांकडून समजून घेतलं, नातवाकडून वाचून घेतलं. त्यावर लिहितो.

दिंडीच्या जुन्या वह्या आम्ही चाळल्या. ज्वारी किती पायली, डाळ, गूळ, तेल, बैलांचा कडबा, पखवाजाची शाई, सगळं पै-पैशानं लिहिलेलं आहे. वारीला गेलेला कोण परत आला नाही, ते मात्र एकाही पानावर नाही. ते म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहिलं. “अमक्याचा बाप वाटेत राहिला,” एवढंच म्हणायचे. वाटेत राहिला म्हणजे पटकीनं गेला, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नसे.

आताच्या पोरांना पटकी शब्दच माहीत नाही. डॉक्टर कॉलरा म्हणतात ती हीच. आमची आजी पटकी म्हणायची, कधी महामारी म्हणायची. पलीकडच्या गावात जरीमरी म्हणत. कोकण-गोव्याकडं मोडशी हा जुना शब्द. गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य असताना गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्यानं १५६३ साली एक पुस्तक छापलं, त्यात या रोगाचं वर्णन आहे आणि इथले लोक त्याला काय म्हणतात ते सांगताना आपला मोडशी शब्दच त्यानं त्याच्या उच्चारात घातला आहे. म्हणजे रोग जुना. पण गावंच्या गावं ओस पाडणारी साथ म्हणून तो आला त्याला दोनशे वर्षं झाली.

१८१७ साली बंगालात जेसोरच्या बाजूला पटकी उठली. त्याच वर्षी कार्तिकाच्या सुमाराला ती इंग्रजांच्या लाटसाहेबाच्या, हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. ती फौज पेंढाऱ्यांवर चालून निघाली होती आणि बुंदेलखंडात तळ देऊन होती. हजारो माणसं त्या छावणीत थोड्या दिवसांत गेली. पुढच्या वर्षी, १८१८ ला, पटकी दख्खन ओलांडून मुंबईला पोचली. त्याच साली पेशवाई बुडाली. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुढं सगळा बोल वारकऱ्यांवर आला. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला देशोदेशीच्या डॉक्टरांची परिषद भरली. आदल्या वर्षी मक्केच्या यात्रेत कॉलऱ्यानं फार माणसं गेली होती. त्या परिषदेनं ठरवलं की साथ पसरवण्यात यात्रांचा हात सगळ्यात मोठा. लगेच १८६७ ला हरिद्वारच्या कुंभातून साथ उत्तरेत पसरली. झालं. तेव्हापासून हरिद्वार, पुरी आणि आपली पंढरी यांच्याकडं सरकारी डॉक्टर संशयानं बघू लागले. यात्राकर बसले, तपासण्या आल्या.

यात खरं किती? आमचं म्हणणं असं की अर्धं खरं. माणसं जमली की रोग हिंडतो, हे नाकारून चालणार नाही. पण फौजेनं नेला, तांड्यांनी नेला, जहाजांनी नेला. पटकी विलायतेला पोचली ती काही दिंडीतून पोचली नाही.

गावोगाव समजूत होती की मरीआई कोपली. पोतराज यायचा, अंगावर कोरडे ओढायचा, लिंबू-नारळ, कोंबडं-बकरं व्हायचं. मग आईचा गाडा करून वेशीबाहेर, दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचे. ते गाव चिडायचं आणि गाडा पुढच्या शिवेवर ढकलायचं. गाड्यापायी गावागावांत काठ्या चालल्याच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत. आईला आम्ही नावं ठेवत नाही, आमच्या घरचा नैवेद्य आजही जातो. पण रोग गाड्यातून जात नव्हता. गाडा ढकलणाऱ्या माणसांच्या पोटातून जात होता आणि ओढ्याच्या पाण्यातून जात होता.

हे पहिल्यांदा कुणी दाखवलं, त्याचा दृष्टांत आम्ही कीर्तनात सांगतो, तो इथं लिहितो. लंडन शहरात १८५४ साली एका वस्तीत पटकी आली. दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली. सगळे म्हणत, हवा खराब झाली. जॉन स्नो नावाचा डॉक्टर घरोघर फिरला. कोण मेलं, पाणी कुठलं प्यायचा, एवढंच विचारत गेला. बहुतेक माणसं ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरच्या एकाच हातपंपाचं पाणी पिणारी निघाली. लांब, चांगल्या हवेच्या जागी राहणारी एक म्हातारी बाई त्याच साथीत गेली. स्नोनं तपास केला तर कळलं, पूर्वी ती त्या रस्त्यावर राहायची, त्या पंपाच्या पाण्याची चव तिला आवडायची म्हणून रोज तिथून बाटली भरून मागवायची. आणि त्याच रस्त्यावर दारूचा कारखाना होता, तिथल्या सत्तर माणसांपैकी कुणाला काही झालं नाही. ते ते पाणी पीतच नव्हते, कारखान्यातली बिअर प्यायचे. (यातून दारूचा गुण कुणी काढू नये. पाणी उकळून बनवलेली होती, एवढंच त्यातलं घ्यावं.) स्नोच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढला. मागाहून कळलं की पंपाच्या विहिरीशेजारी मैल्याचा खड्डा होता आणि तो विहिरीत पाझरत होता.

स्नोला जंतू दिसला नव्हता. इटलीतल्या पाचिनी नावाच्या डॉक्टरनं तो त्याच साली भिंगाखाली पाहिला होता, पण त्याचं कुणी ऐकलं नाही. पुढं १८८३ च्या अखेरीस रॉबर्ट कॉख नावाचा जर्मन डॉक्टर कलकत्त्याला आला. त्याला तोच जंतू रोग्याच्या पोटात सापडला आणि जिथं लोक अंघोळ करत, कपडे धूत आणि प्यायलाही भरत त्या तळ्याच्या पाण्यातही सापडला. स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू. रोग्याच्या जुलाबातून पाण्यात, पाण्यातून किंवा त्या पाण्यानं धुतलेल्या खाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात. एवढाच त्याचा प्रवास. आणि ज्याच्या पोटात तो शिरतो असे पुष्कळ जण आजारी पडतही नाहीत. धडधाकट चालत असतात, पण त्यांच्या शौचातून जंतू काही दिवस पडत राहतो. माळ घातलेल्या माणसाला हे पटायला जड जातं, पण हा जंतू सोवळं-ओवळं ओळखत नाही.

आता हे वारीला लावून बघा. आषाढीची वाट पावसाची. पहिल्या पावसानं माळावरची सगळी घाण ओढ्यात आणि उघड्या विहिरीत उतरते. लाखो माणसं उघड्यावर बसणारी आणि त्याच ओढ्यावर तांब्या भरणारी. पंढरपुरात पोचल्यावर चंद्रभागेच्या वाळवंटात मुक्काम. वाळवंटातच स्वयंपाक, वाळवंटातच झोप, आणि पहाटे वाळवंटातच बाकीचं सगळं. वाळूत झरा उकरायचा आणि ते पाणी निवळ दिसतं म्हणून प्यायचं. निवळ दिसणं आणि निर्मळ असणं यातला फरक डोळ्यांना कळत नाही, हीच तर या रोगाची गोम आहे.

दुसरी गोष्ट जुन्या माणसांच्या ध्यानात आली नव्हती, ती रेल्वेची. बार्शी लाईट रेल्वे कुर्डुवाडीहून पंढरपूरला आली आणि पुढं १९२७ साली मिरजेपर्यंत गेली. जंतू पोटात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत काही तास ते पाच दिवस जातात. पूर्वी माणूस चालत परतायचा. ज्याला लागण झाली तो वाटेतच पडायचा. गाडी आल्यावर तो दुसऱ्या दिवशी घरी. बुक्का लावून, प्रसाद वाटून झाला, की तिसऱ्या दिवशी ढाळ सुरू. मग तो रोग गावच्या विहिरीत. पोरंबाळं भेटायची लवकर म्हणून लोकांनी गाडी धरली, त्यात त्यांचा दोष कसला.

पटकीची लस हाफकिन नावाच्या रशियातून आलेल्या शास्त्रज्ञानं १८९३ पासून आपल्या देशात टोचायला सुरुवात केली. मुंबईला परळमध्ये त्यांच्या नावाची संस्था आहे. त्यांची प्लेगाची लस जास्त प्रसिद्ध. पुढं यात्रेला जायचं तर टोचून घ्यावं लागे आणि टोचल्याचा दाखला दाखवावा लागे. आमचे वडील सांगायचे, नाक्यावर टोचणारा दिसला की माणसं उसातून वळसा घालून जायची. दंड सुजायचा, ताप यायचा, टाळ उचलवायचा नाही. एकाच्या दाखल्यावर तिघे जायचे. ती लस काही महिनेच टिकायची आणि सगळ्यांना लागू पडायची असंही नाही. आता ती टोचत नाहीत. तोंडातून द्यायची नवी लस आहे, ती साथीच्या भागात सरकार ठरवून देतं.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय अंगावर घेतला ती सांगतो.

आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ दिंडीत टाळकरी होते. माळशिरसच्या पुढं त्यांना रात्री ढाळ लागले. सकाळपर्यंत डोळे खोबणीत गेले, आवाज बसला, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. ते पाणी मागत होते. आजी तेव्हा नवी नवरी, ती वारीत होती. तिनं तांब्या पुढं केला तर वडीलधाऱ्यांनी हात धरला. म्हणाले, पाणी पाजू नको, पोटात पाणी गेलं की आणखी ढाळ होतील. सगळ्यांनी मायेनंच सांगितलं. शहाणी माणसं होती ती. ओला फडका ओठाला लावायचा एवढीच मुभा. दुपारी ते गेले. आजी शंभरीला टेकून गेली, पण शेवटपर्यंत एकच सांगायची, “पाणी पाणी करत गेला रे.” त्या काळात घरोघर हीच रीत होती आणि आजही ती पुरती गेलेली नाही. गेल्या काही वर्षांत आम्ही स्वतः पालात ऐकलं आहे, “जुलाब होत आहेत ना, मग पाणी बंद करा.”

गावच्या माणसांना हसायचं कारण नाही, कारण मोठमोठे डॉक्टरही वेगळं करत नव्हते. विलायती डॉक्टर पटकीच्या रोग्याचं रक्त काढायचे, पाऱ्याचं औषध द्यायचे. अंगातलं पाणी संपून माणूस मरतोय आणि हे वर रक्त काढत होते. कलकत्त्याला रॉजर्स नावाच्या डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरेतून मिठाचं पाणी द्यायला सुरुवात केली, तेव्हा मरणाऱ्यांचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. तेच आपलं सलाईन. पण सलाईनला बाटली लागते, सुई लागते, शीर शोधणारा हात लागतो. पालखी मार्गावर चिखलात पडलेल्या माणसाला ते कोण आणून देणार?

मग हळूहळू उलगडा झाला. १९५३ साली कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजून पटकीचे रोगी बरे केल्याचं लिहिलं. १९५९ साली तिथलेच शंभुनाथ डे यांनी दाखवलं की हा जंतू एक विष सोडतो आणि आतड्यातून पाणी काढतो ते त्या विषानं. आतडं फाटत नाही, कुजत नाही. नळाची चावी उघडी राहावी तसं अंगातलं पाणी आतड्यात वाहतं, मोठ्या माणसाचं तासाला लिटरभरसुद्धा. पण आतड्याचं दुसरं एक दार शाबूत राहतं. मीठ एकटं गेलं तर त्याला आत घेत नाहीत. साखरेचा हात धरून गेलं तर दोघांनाही घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. फुगडीला दोन जणी लागतात, तसं. नुसतं पाणी पाजलं तर थोडं लागू पडतं, नुसत्या मिठाचं लागू पडत नाही, जोडी झाली की काम होतं. डॉक्टरसाहेबांनी हे समजावलं तेव्हा आम्ही तीनदा विचारून घेतलं, इतकं ते साधं आहे.

१९७१ साली बांगलादेशाची लढाई चालू असताना लाखो माणसं सीमा ओलांडून बंगालात आली. बनगावच्या छावणीत पटकी शिरली. रोगी जमिनीवर, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. तिथं डॉक्टर दिलीप महालनबीस होते. त्यांनी कलकत्त्याला मापानं पुड्या भरून घेतल्या: बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा, एक लिटर पाण्याला. नळ लावलेल्या पिंपांत ते पाणी कालवलं आणि रोग्याच्या आईला, बायकोला, भावाला सांगितलं, पाजत राहा. नर्स नाही, सुई नाही. त्याआधी शंभरातले तीसेक जण मरत होते, ते चारच्या आत आले. म्हणजे जे काम आमच्या आजीला करू दिलं नाही, ते तिथं आजीसारख्यांनीच केलं. महालनबीस २०२२ साली वारले, दुसऱ्या वर्षी सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं. आपल्या दिंडीत त्यांचं नाव कुणाला माहीत नाही, पण त्यांची पुडी प्रत्येक वारकऱ्याच्या पिशवीत असते. ओआरएस म्हणतात ती हीच. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं तिचं माप थोडं बदललं, मीठ-साखर कमी केली. आताची पुडी साडेवीस ग्रॅमची असते, एक लिटर पाण्याला.

ओळखायचं कसं, ते आता लिहितो. पटकीचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे, पांढरट, पाण्यासारखे पातळ. पोटात फारसं दुखत नाही, ताप बहुधा नसतो, म्हणून माणूस म्हणतो काही नाही, होईल बरं. उलट्या होतात. मग तहान, कोरडी जीभ, लघवी कमी किंवा बंद, डोळे खोल, आवाज बसलेला, पोटऱ्यांत गोळे. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते. सकाळी अभंग म्हणणारा माणूस संध्याकाळी जाऊ शकतो. उपचार नाही झाला तर जोराच्या पटकीत निम्मी माणसं जातात. वेळेत पाणी भरलं तर शंभरात एकही जायला नको.

सगळे जुलाब पटकीचे नसतात. खाण्यातून होणारे पुष्कळ प्रकार आहेत. पंगत उठून दोन-चार तासांत बऱ्याच जणांना एकदम उलट्या सुरू झाल्या तर ते बहुधा वाढणाऱ्याच्या हातावरच्या फोड-जखमेतून, नाहीतर उघड्यावर कोमट राहिलेल्या भातातून आलेलं विष. ते अन्न पुन्हा गरम केल्यानं जात नाही, हे आचाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. रात्री मोठ्या डेगीत डाळ झाकून ठेवली आणि सकाळी वाढली तर त्यातही जंतू वाढतो. दुपारी खाल्लेल्याचं रात्री पोट मुरडून जुलाब होतात. रक्त-शेंबडाची आव आणि ताप असेल तर तो आणखी वेगळा जंतू, त्याला औषध लागतं आणि ते डॉक्टरच देणार. जुलाब थांबवायची गोळी तिथं घेऊ नये, घाण आत कोंडते. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, त्याची तऱ्हा निराळी. खाल्ल्यापासून आठ-पंधरा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, ताप चढत जातो. वारीहून आल्यावर पंधरवड्यानं ताप आला आणि उतरेना तर डॉक्टरला वारीचं सांगायचं, नाहीतर ते दुसरंच काही शोधत बसतात.

एकादशीच्या फराळाचं तर वेगळंच. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या एका गावी सप्ताहात भगर-आमटी खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. दवाखान्यात जागा नव्हती, रस्त्यावर झोपवून, दोरीला बाटल्या टांगून सलाईन लावलं. भगरीला दमट जागी बुरशी लागते, दळून ठेवलेल्या पिठाला तर लवकर. जंतूपेक्षा बुरशीचं विष तिथं जास्त वेळा निघतं. म्हणून आपल्या दिंडीत भगर अख्खी आणतात, निवडून धुऊन शिजवतात, तयार पीठ घेत नाहीत. शेंगदाणे खवट असतील तर टाकून देतात. यावरून भिशी देणाऱ्यांशी वाद झालेत, खर्च वाढतो म्हणून. वाढू दे.

उपचाराचं आता सरळ सांगतो. पहिल्या पातळ जुलाबालाच पुडी फोडायची, दवाखाना सापडेपर्यंत थांबायचं नाही. एक लिटर चांगलं पाणी, एक पूर्ण पुडी. अर्धी पुडी ग्लासात घालायची नाही, मीठ जास्त होतं. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. मोठ्या माणसाला प्रत्येक जुलाबामागं एक ग्लास तरी, मागेल तितकं जास्त. दोन ते दहा वर्षांच्या पोराला अर्धा ते एक पेला, त्याहून लहानाला पाव ते अर्धा पेला, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा हळूहळू सुरू करायचं. अंगावरचं दूध तोडायचं नाही. पेज, वरण-भात, केळं चालू ठेवायचं. पोरांना झिंकची गोळी दहा ते चौदा दिवस देतात, ती आरोग्य केंद्रात मिळते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूपेक्षा खारट लागली तर ओतून द्यायचं आणि नवं करायचं. साखरेचा आजार असलेली माणसं हे पाणी प्यायला भितात. त्यांनीही प्यायचं, आणि डॉक्टरला आजाराचं सांगायचं. वाटेवर बाटलीबंद रंगीत पेय मिळतं, ते याच्या जागी चालत नाही.

माणूस पेंगायला लागला, पिऊ शकत नाही, पाजलेलं सगळं उलटतंय, सहा तासांत लघवी नाही, किंवा जुलाबात रक्त आहे, तर विचारत बसायचं नाही. रुग्णवाहिका १०८ नंबरवर बोलवायची आणि येईपर्यंत गिळता येत असेल तर पाजत राहायचं. पटकीवर जंतू मारायचं औषधही आहे, पण ते डॉक्टरच्या हातून आणि पाणी भरल्यावर.

एकादशीच्या दिवशी हा प्रश्न येतोच, म्हणून लिहून ठेवतो. जुलाब झालेल्या माणसानं मीठ-साखरेचं पाणी घेतलं तर एकादशी मोडत नाही. आम्ही व्यासपीठावरून हे सांगितलं आहे आणि कुणी विचारलं तर आमचं नाव सांगावं. दुसरं, जुलाब लपवू नये. वारी मोडेल, मंडळी मागं सोडून जातील, या भीतीनं माणसं दोन-दोन मुक्काम दाबून चालतात, बायका तर जास्तच, आडोसा नसतो म्हणून पाणीही कमी पितात. आपल्या दिंडीत आजाऱ्याला गाडीत बसवून नेतात आणि त्याची वारी पूर्णच धरतात.

पाण्याची व्यवस्था शंभर वर्षांत कशी बदलली, ते थोडक्यात. आधी ओढा-विहीर. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून भरलेल्या पाण्यानं नारूसुद्धा व्हायचा, तो देशातून गेल्याचं २००० साली जाहीर झालं. मग गावोगाव नळ आले, मग टँकर. वाळवंटातला मुक्काम सुटून पैलतीरी पासष्ट एकरात राहुट्या पडू लागल्या, वाटेवर फिरते संडास उभे राहिले. टँकरच्या पाण्यात आरोग्य खात्याची माणसं टीसीएल टाकतात, तेव्हा वास येतो म्हणून आपलीच मंडळी कुरकुर करतात. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, दहा हजाराच्या टँकरला पंचवीस ग्रॅम, म्हणजे मूठभरही नाही. ती कालवून तासभर थांबायचं, मग प्यायचं. गढूळ पाण्याला आधी तुरटी. चंद्रभागेचं तीर्थ मस्तकाला लावावं, अंगावर घ्यावं. पिण्याचा तांब्या मात्र टाकीच्या नळाखाली भरावा.

आपल्या दिंडीत आता पाण्याचं पिंप झाकणाचं असतं आणि काढायला दांड्याचं ओगराळं, हात घालून कुणी भरत नाही. हात धुवायला साबण पंगतीच्या तोंडाशीच टांगलेला असतो. ज्याला जुलाब आहेत किंवा हातावर फोड आहे त्याला स्वयंपाकाला, वाढायला लावत नाहीत, मग तो कितीही जुना आचारी असो. शिजलेलं उरलं तर रात्रीच वाटून टाकतात, सकाळसाठी ठेवत नाहीत.

औषधाची पेटी ट्रकमध्ये चालकाच्या मागच्या फळीवर असते. दीडशे पुड्या, लिटरची खूण केलेली चार भांडी, चमचे, झिंकच्या गोळ्या, वाटेवरच्या आरोग्य केंद्रांचे नंबर लिहिलेला पुठ्ठा. तिला कुलूप लावत नाहीत. नव्यानं येणाऱ्या मंडळींनी पहिल्याच मुक्कामाला ती बघून घ्यावी.